रडू आलं, लाज नाही वाटली: ‘नटसम्राट’ सिनेमाच्या एका परीक्षणाचं प्रकरण

१ जानेवारी २०१६ ला, शुक्रवारी, महेश मांजरेकरांचा ‘नटसम्राट’ लागला. एका छोट्या नियतकालिकासाठी मी तेव्हा चित्रपट परीक्षणं लिहीत असे. मजकूर सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता, मर्यादा हजार शब्दांची. एरवी मी सिनेमाला एकटाच जातो, पण त्या दिवशी आई म्हणाली, “मीही येते. मी लागूंचं पाहिलंय.” ती हे ज्या सुरात म्हणाली, तो सुर मराठी घरांत ओळखीचा आहे. “मी लता मंगेशकरांना समोर बसून ऐकलंय” म्हणणारी माणसं याच सुरात बोलतात. त्यानंतर वाद घालायचा नसतो.

ते परीक्षण मी दोनदा लिहिलं. पहिला खर्डा रविवारी रात्री फाडला आणि दुसरा छापून आला. पुढे काही वर्षांनी लक्षात आलं की दुसऱ्यातही एक मोठी चूक राहून गेली आहे. अभिजात शोकनाट्यावरच्या सिनेमाबद्दल लिहिताना परीक्षकाची गाडी नेमकी कुठे रुळावरून घसरते, ते या एका उदाहरणात चांगलं दिसतं, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

आधी मूळ नाटकाबद्दल थोडं. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी मुंबईत बिर्ला मातोश्री सभागारात झाला. संस्था धि गोवा हिंदु असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर. निवृत्त नट गणपतराव बेलवलकर म्हणजे अप्पासाहेब झाले होते डॉ. श्रीराम लागू आणि त्यांची पत्नी कावेरी झाल्या होत्या शांता जोग. कान-नाक-घशाची डॉक्टरी सोडून लागू पूर्ण वेळ रंगभूमीवर आले, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा कितीतरी नटांनी अप्पासाहेब केले. १९७४ साली या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट अशी की ते नाटक घराघरांत गेलं. ज्यांनी ते कधी पाहिलं नाही त्यांनाही “कुणी घर देता का घर?” पाठ असतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते म्हटलं जातं, भाड्याची खोली शोधणारी पोरं ते गमतीनं म्हणतात, नकलाकारांचं तर ते हक्काचं गिऱ्हाईक.

परीक्षकाची पहिली अडचण इथेच सुरू होते. आमच्या थिएटरात नाना पाटेकरांनी तोंड उघडायच्या आत मागच्या रांगेतल्या दोघांनी ते वाक्य पूर्ण केलं होतं. कुणी हसलं, कुणी “श्शू” केलं. ज्या कलाकृतीचा शेवट आणि मधली सगळी स्वगतं प्रेक्षकांना आधीच ठाऊक आहेत, तिथे “पुढे काय होतं ते सांगत नाही” असल्या पथ्याला अर्थ उरत नाही. लोक इथे पुढे काय होतं ते बघायला आलेले नसतात. ओळखीचं वाक्य या नटाच्या तोंडून कसं येतं, हे ऐकायला ते येतात. संगीत नाटकाला जाणाऱ्या पिढीला हे सांगावं लागलं नसतं.

पहिला खर्डा मी त्याच रात्री लिहून काढला होता. त्यात होती तुलना, आणि तुलनेशिवाय काहीच नव्हतं. लागू असे बोलत, नाना असे बोलतात. शांता जोग अशा, मेधा मांजरेकर अशा. मूळ नाटकात मुलगा नंदा आणि मुलगी नलिनी, सिनेमात मकरंद आणि विद्या. मूळ नाटकात रामभाऊ नाहीत, इथे विक्रम गोखले रामभाऊ नावाचे मित्र झाले आहेत, त्यांची गरज काय? असा जमाखर्च. शेवटची शिल्लक अर्थातच नाटकाच्या बाजूला.

या खर्ड्यात एक खोट होती आणि ती मला ठाऊक होती. लागूंचा प्रयोग मी कधी नाट्यगृहात पाहिलेलाच नव्हता. पाहिलं होतं ते चित्रीकरण, तेही घरच्या छोट्या पडद्यावर. म्हणजे ज्याला मी ‘नाटक’ म्हणून सिनेमाशी ताडून पाहत होतो, ते नाटक नव्हतंच. आईची आठवण उसनी घेऊन मी निकाल देत होतो. मराठीत नाट्यविषयक लिहिणाऱ्यांमध्ये हा आजार बराच पसरलेला आहे. बालगंधर्वांना न ऐकलेली तिसरी पिढी अजूनही गंधर्वांशी तुलना करते.

दुसरी खोट जास्त गंभीर. मी सिनेमाकडून प्रामाणिकपणा मागत होतो, आणि तो कोणत्या नाटकाशी? जे नाटक स्वतःच मुळाशी अजिबात प्रामाणिक नाही त्याच्याशी. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’शिवाय, म्हणजे मुलींना राज्य वाटून देऊन देशोधडीला लागलेल्या राजाच्या नाटकाशिवाय, ‘नटसम्राट’ झालं नसतं हे सगळ्यांना माहीत आहे. शिरवाडकरांना शेक्सपिअर मराठीत आणायचा कसा हे चांगलं येत होतं. ‘मॅक्बेथ’चं ‘राजमुकुट’ त्यांनीच केलं, ‘ऑथेल्लो’ही केलं. पण लिअरच्या बाबतीत त्यांनी राज्य काढून टाकलं, सरदार आणि युद्ध काढून टाकलं, बापावर खरं प्रेम करणारी धाकटी मुलगी कॉर्डेलिया काढून टाकली. तीन मुलींऐवजी एक मुलगा, एक मुलगी. ज्या राजाला बायकोच नव्हती त्याला कावेरी दिली, आणि ती अशी दिली की अप्पा तिला ‘सरकार’ म्हणतात. राज्य गेलं आणि त्याच्या जागी रंगभूमी आली. देऊन टाकण्याजोगं जे काही या माणसाकडे होतं, म्हणजे घर आणि पैसा, ते त्यानं मुलांना वाटून टाकलं. कावेरी बजावत राहिली की पुढ्यातलं ताट द्यावं, बसायचा पाट देऊ नये. तेही एक लिअरचं माध्यमांतरच. मग मांजरेकरांनी नावं बदलली म्हणून मी भुवया कशाला उंचावत होतो?

जपानमध्ये अकिरा कुरोसावांनी १९८५ साली ‘रान’ केला तेव्हा त्यांनीही लिअरच्या मुलींचे मुलगे केले. शिवाय म्हाताऱ्या हिदेतोराला रक्तपाताचा भूतकाळ दिला, म्हणजे त्याच्यावर जे कोसळतं त्याचा काही हिशेब त्याच्याच खात्यावर लागतो. शेक्सपिअरनं हे केलेलं नाही. कुरोसावांच्या बदलाबद्दल आपण आदरानं लिहितो आणि घरच्या दिग्दर्शकानं एक मित्र जोडला तर हात कापतात. असो.

खर्डा फाडला त्याला कारण मात्र हे तर्कशास्त्र नव्हतं. कारण आई होती.

थिएटरात ती भरपूर रडली होती. बाहेर आल्यावर चहा पिताना मी विचारलं, “आवडला ना?” ती म्हणाली, “हो. नानांनी जीव ओतलाय.” मग बराच वेळ काही बोलली नाही. रविवारी दुपारी भाजी निवडता निवडता तिनं तोच धागा पुन्हा उचलला. “रडू आलं रे. पण तेव्हा रडून झाल्यावर लाजही वाटली होती. परवा नाही वाटली.”

लाज कसली, ते तिला नीट सांगता येईना. “आपणच काहीतरी केलंय असं वाटलं होतं,” एवढंच म्हणाली.

त्या रात्री मी नाटकाची संहिता काढून बसलो आणि पहिलं पानच वेगळं दिसू लागलं. नाटकाची सुरुवात सत्कारानं होते. पडदा वर जातो तेव्हा अप्पासाहेब निवृत्त होणारे नट म्हणून आपल्यासमोर उभे आहेत आणि आभाराचं भाषण करताहेत. कुणासमोर? तिकीट काढून बसलेल्या आपल्यासमोर. शिरवाडकरांनी पहिल्याच मिनिटाला प्रेक्षकांना एक भूमिका देऊन टाकली आहे: ज्या रसिकांनी या नटाला नटसम्राट केलं ते रसिक. आपण टाळ्या वाजवतो त्या लागूंसाठी वाजवतो की बेलवलकरांसाठी, हे आपल्यालाही सांगता येत नाही. आणि मग दोन-अडीच तासांनी तोच माणूस, फाटका, वेडापिसा, त्याच जागी उभा राहून त्याच लोकांकडे तोंड करून विचारतो, कुणी घर देता का? प्रश्न मुलांना नाही, देवालाही नाही. तो प्रेक्षागृहाला आहे. बाहेर ‘हाऊसफुल्ल’चा फलक लागलेला आहे आणि आत हा घर मागतो आहे. खुर्चीतला एकही जण उठत नाही, उठायचं नसतंच, नाटक चालू आहे. आईला वाटलेली लाज ती ही.

हे कळल्यावर परीक्षणाचा प्रश्नच बदलला. नाटकात जे काम रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामधली ती वीस फुटांची जागा करत होती, ते काम सिनेमात कोण करतं? नावं बदलली का, स्वगतं गाळली का, हे सगळं दुय्यम ठरलं.

सिनेमातही सत्कार आहे. पण तिथे टाळ्या वाजवणारे लोक पडद्यावरचे आहेत. आपण त्या सभेला बसलेलो नसतो, ती सभा पाहत असतो. कॅमेरा आपल्याला कुठेही नेऊ शकतो, अप्पांच्या मागे, वर, पार नाकासमोर. नेत नाही तो फक्त त्या एका ठिकाणी जिथे आपली जबाबदारी सुरू होते. त्यामुळे पुढे “कुणी घर देता का” आलं की तो एका उद्ध्वस्त माणसाचा आक्रोश होतो. जोरदार, हृदयाला भिडणारा, पण आपण त्याचे साक्षीदार, पक्षकार नव्हे. त्यात पार्श्वसंगीत आपल्या आधी रडायला लागतं. नाट्यगृहातल्या शांततेत माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येतो, त्या जागी सिनेमानं वाद्यवृंद बसवला. माझा या सिनेमावरचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच होता आणि आजही आहे.

याच प्रश्नाच्या उजेडात नानांचा अभिनयही वेगळा दिसला. स्वगतांमध्ये ते नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवतात आणि कॅमेरा असतो हातभर अंतरावर. ‘पुरुष’सारख्या नाटकांतून तावूनसुलाखून निघालेल्या नटाला ही सवय सहज सुटत नसणार. किंवा, जास्त उदारपणे पाहायचं तर, अप्पा हा असाच माणूस आहे, घरातही शेवटच्या रांगेसाठी बोलणारा. दुसरं कारण मला पटतं, पण सगळ्या ठिकाणी नाही. ज्या जागी नाना खरोखर थोर आहेत त्या जागा लहान आहेत: नातीबरोबरचा वात्रटपणा, सुनेनं टोकल्यावर क्षणभर पोरासारखं रुसणं, कावेरीकडे चोरून पाहणं. तिथे कॅमेरा जवळ असण्याचा फायदा मिळतो आणि रंगमंचावर दहाव्या रांगेतून जे दिसलं नसतं ते दिसतं. मुलगी बापावर चोरीचा संशय घेते तो प्रसंगही मला नाटकापेक्षा सिनेमात जास्त बोचला. मृण्मयी देशपांडेंच्या चेहऱ्यावर विचारण्याआधी जो एक संकोच येतो, तो फक्त जवळूनच दिसतो.

अप्पांच्या वाट्याचा दोष सिनेमा थोडा कमी करतो, हेही नोंदवलं होतं. शिरवाडकरांची सून खलनायिका नाही. घरात एक अवाढव्य माणूस वावरत असताना संसार कसा करायचा, हा तिचा प्रश्न खरा आहे. नाटक तिला पुरतं ऐकून घेतं. सिनेमाला तेवढा धीर नाही.

मग एक गंमत लक्षात आली. तिचा उल्लेख दुसऱ्या कुठल्या परीक्षणात माझ्या वाचनात आला नाही, म्हणून ती लिहिताना मी जरा फुशारलो होतो. १९७० सालचे अप्पासाहेब साठीच्या पुढचे. म्हणजे ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मले, नाटक मंडळ्यांच्या पडत्या काळात उभे राहिले. त्यांच्या मागे आगरकरांचं ‘विकारविलसित’, देवलांचं ‘झुंझारराव’, केळकरांचं ‘त्राटिका’ ही मराठी शेक्सपिअरची परंपरा आहे, गणपतराव जोशींचा हॅम्लेट आहे, १९१९ च्या ‘एकच प्याला’तला सुधाकर आहे. अप्पा शेवटी मी सीझर, मी ऑथेल्लो, मी सुधाकर म्हणतात तेव्हा मराठी रंगभूमीचं एक अख्खं युग त्यांच्या तोंडून निरोप घेतं. बेलवलकरांचं पहिलं नावही गणपतराव, हे उगीच नसावं.

आता सिनेमा घडतो तो आजच्या काळात, गाड्या आणि फ्लॅटच्या शहरात. २०१६ मध्ये सत्तरीला आलेला मराठी नट १९६५ च्या सुमारास रंगभूमीवर आला असणार. त्याच्या उमेदीच्या काळात ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ होतं, ‘घाशीराम कोतवाल’ होतं. त्या पिढीच्या कोणत्या मराठी व्यावसायिक नटानं हयातभर शेक्सपिअर करून राज्य केलं? आणि त्याहून विचित्र म्हणजे, त्या वयाच्या प्रत्येक मराठी नटाची एक भूमिका करायची इच्छा असते आणि ती म्हणजे गणपतराव बेलवलकर! पडद्यावरच्या अप्पांच्या जगात मात्र ‘नटसम्राट’ नावाचं नाटक लिहिलंच गेलेलं नाही. माध्यमांतर करणाऱ्यानं काळ पुढे ओढला की त्याबरोबर इतिहासही ओढावा लागतो, तो इथे मागेच राहिला. त्यामुळे हे अप्पा थोर नट आहेत हे आपण ऐकतो, मानतो, पण ते कोणत्या रंगभूमीचे थोर नट हे कळत नाही.

दुसरा खर्डा या मुद्द्यांवर उभा राहिला. संपादक बाईंचा सोमवारी फोन आला. “लोक रांगा लावून जातायत, रडून बाहेर येतायत, आणि तुम्ही म्हणता लाज वाटायला हवी होती?” मी म्हणालो, तसं म्हटलेलं नाही, लाज कुठे हरवली ते शोधलंय. “मग रडतात ते खोटं का?” इथे मला उत्तर सुचलं नाही. प्रश्न रास्त होता. थिएटर भरभरून चालत होती. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी ‘सैराट’ येईपर्यंत मराठीत सर्वाधिक कमाईचा सिनेमा हाच होता. इतकी माणसं रडत असतील तर त्या रडण्याचं कारण सिनेमात कुठेतरी असणार आणि ते मला सापडलेलं नव्हतं. मी फक्त काय नाही ते लिहिलं होतं. बाईंनी ‘लाज’ हा शब्द शीर्षकातून काढला, आत ठेवला. सोबत तारे द्यायचे असत, मी तीन दिले. पाचपैकी तीन म्हणजे काय, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

आता चुकीकडे येतो. रामभाऊंबद्दलची ओळ मी पहिल्या खर्ड्यातून जशीच्या तशी उचलून दुसऱ्यात ठेवली होती: हे पात्र मूळ नाटकात नाही, प्रसंग रंगतदार असले तरी कथेला त्यांची गरज नाही. दोनच वाक्यं. प्रश्न बदलला होता, पण ही दोन वाक्यं जुन्याच प्रश्नाचं उत्तर देत होती आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही.

२०१८ मध्ये गुजरातीत सिद्धार्थ रांदेरियांना घेऊन हा सिनेमा झाला, २०२३ मध्ये तेलुगूत कृष्ण वंशींनी ‘रंगमार्तांड’ केला. तिथे प्रकाश राज नट आहेत आणि मित्र आहेत ब्रह्मानंदम, ज्यांना देश विनोदी नट म्हणून ओळखतो. दोन्हीकडे तो मित्र टिकला आहे. शिरवाडकरांच्या संहितेत नसलेलं पात्र दोन भाषांमध्ये कथेचा अविभाज्य भाग होऊन बसलं. तेलुगू पाहताना मला मी लिहिलेली ती दोन वाक्यं आठवली आणि त्या आठवड्यात मराठी सिनेमा पुन्हा पाहिला, या वेळी फक्त रामभाऊंसाठी.

रामभाऊ हेच सिनेमातलं प्रेक्षागृह आहे. अप्पांना नट म्हणून तोलणारा, त्यांच्या तोंडावर त्यांच्या अभिनयाची साल काढणारा, जिथे दाद द्यायची तिथेच देणारा एकटा माणूस. विक्रम गोखले ऐकतात कसे ते बघावं: डोळे किंचित बारीक, मान न हलवता. जाणकार प्रेक्षक तिसऱ्या रांगेत जसा बसतो तसे. रुग्णालयाच्या खाटेवर दोघे म्हातारे महाभारतातला प्रवेश करतात तेव्हा नट दोन आणि प्रेक्षकही तेच दोन. नाटकात जे काम हजार माणसं करत होती ते पटकथेनं एका माणसाकडे सोपवलं आणि अप्पा रस्त्यावर येण्याआधीच त्याला मारून टाकलं. म्हणून पडद्यावर “कुणी घर देता का” हा प्रश्न पडतो तेव्हा तो ऐकणारा उरलेलाच नाही. मला ती उणीव वाटली होती. लोक रडत होते ते बहुधा तिच्यामुळेच.

आणखी एक गोष्ट. शिरवाडकरांनी ‘लिअर’मधून जे काही काढून टाकलं त्यात ग्लॉस्टरचं उपकथानकही होतं, म्हणजे लिअरसारखाच फसलेला दुसरा म्हातारा. त्याच्या यातना लिअरच्या शेजारी ठेवून शेक्सपिअर एकाच्या दुःखाची खोली दुसऱ्यानं मोजतो. पटकथेनं बायकोच्या जाण्यानं खचलेला, खाटेला खिळलेला रामभाऊ अप्पांच्या शेजारी आणून बसवला, तेव्हा ग्लॉस्टर मागच्या दारानं परत आला. हे जाणूनबुजून झालं की नाही, मला कल्पना नाही. परीक्षकाला ते दिसायला हवं होतं.

पार्श्वसंगीताबद्दलचा आक्षेप मी आजही मागे घेत नाही, काळाच्या घोळाबद्दलचाही नाही. आईला मी रामभाऊंबद्दलचं हे सगळं उत्साहानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “ते गोखले ना? ते गेले तेव्हाच मी सगळ्यात जास्त रडले होते. तू विचारलंस कुठे?”